पाडव्याचे सहा गुलाब

हातातला चहा आधी संपवा बरं, नाहीतर मधेच ठसका लागेल. आता हा माझा गाढवपणा कुठून सुरू करू?

साल एकाहत्तर. मी केडगावात मास्तर, लग्नाला सहा महिने झालेले, आणि पहिला दिवाळसण सासुरवाडीला, अकोल्याला. पाडव्याला बायको ओवाळणार, तर ताटात काहीतरी घालायला हवं ना? म्हणून नगरच्या बाजारात गेलो. एका दुकानावर ही मोठी पाटी: ‘पाडवा स्पेशल! पत्नीसाठी खास भेट!’ खाली गुलाबी कागदात बांधलेल्या खोक्यांची चळत.

मी विचारलं, “आत काय आहे?”

दुकानदार असा हसला, जसा मी पहिलीतलं पोर! “मास्तर, प्रेमाच्या भेटीत काय आहे, हे कुणी विचारतं का?”

झालं! शिकलेला माणूस मी. पुन्हा कसा विचारणार? घेतलं खोकं.

पाडव्याला शालननं ओवाळलं. मी ऐटीत खोकं ताटात ठेवलं. तिनं ते तिथंच उघडलं. आत सहा गुलाबी गुलाब, आणि घरभर घमघमाट!

“अगं बया, साखरंची फुलं!” सासूबाई म्हणाल्या.

“व्हय का हो मास्तर?” सासऱ्यांनी विचारलं.

मला काय ठाऊक? पण ‘ठाऊक नाही’ म्हणणारा मास्तर पाहिलाय कधी तुम्ही? “हो तर! शहरात पाडव्याला हीच मिठाई देतात.”

“मंग पयलं फूल तुमीच घ्या.”

घेतलं. चावलं. काय सांगू, जीभ चरचरली, कान गरम झाले! मिठाई नासली होती, की मलाच उंची चव कळत नव्हती?

“कशी हाय?”

“उत्तम! फक्त... सवय लागते.”

सासऱ्यांनी जावयाच्या मानाखातर अख्खं फूल तोंडात टाकलं. डोळ्यांत पाणी आलं, पण माणूस हटला नाही. कसंबसं गिळून म्हणाले, “शहरातल्या लोकांचं जिनं लई कठीन हाय.”

सासूबाई एक घास घेऊन घाईघाईनं परसात गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत. मी तोंडाची आग विझवायला घटाघट पाणी पीत होतो. शालनच्या बोटांना मात्र गुलाबी रंग लागला होता, म्हणून ती हातातलं फूल तसंच घेऊन मोरीवर गेली.

तिथून ओरडली, “अव्हं, तुमच्या मिठाईला फेस येतोय!”

मला अजूनही उमजेना. मिठाईला फेस?

“साबन हाय ह्यो! वासाचा साबन!”

सासऱ्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, माझ्याकडं मायेनं पाहिलं आणि म्हणाले, “असू द्या मास्तर. आता येकच करा, वरून पानी तेवढं पिऊ नका.”

माझा दुसरा तांब्या नुकताच संपला होता!