खिळ्यावर टांगलेला गुरुवार

वहिनी लग्न होऊन आली त्याला चार दिवसही झाले नव्हते, तेव्हा दाराआडून तिने सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं. सासरे शिंपी. ते सासूला विचारत होते, "तू दिवसभर करतेस तरी काय?" सासू काज-बटणं करायची, स्वयंपाक करायची, गिऱ्हाइकाला पाणी द्यायची. पण बिचारीला ऐनवेळी उत्तर सुचेना, म्हणून तिने पातेलं आपटलं. पातेल्याला पोचा आला, सासऱ्यांना नाही. वहिनीने तेव्हाच ठरवलं, आपल्यावर ही पाळी आली तर उत्तर तयार हवं.

पाळी यायला पस्तीस वर्षं लागली.

तिचा नवराही शिंपीच. सगळे त्याला मास्तर म्हणत. घराची पुढची खोली हेच दुकान. तिला खिडकी एकच आणि खिडकीशी वहिनीची खुर्ची. काळ्या कोटाला काळ्या दोऱ्याने काज करायचं तर उजेड लागतोच. एक दिवस मास्तरांनी लाकडी पुतळा आणला. छाती भरदार, डोकं नाही.

"याला नवा कोट घालून खिडकीत उभा करू," मास्तर म्हणाले. "तू आत बस."

"आत अंधार आहे हो."

"काजंच तर करायची! नाहीतरी तू दिवसभर करतेस काय?"

वहिनीला ते पातेलं आठवलं. पण ते आता तिचं होतं, आपटायला जीव होईना.

शाळा तिसरीपर्यंत झालेली, लिहिणं जड जायचं. खडू मात्र हातात बसलेला. तिने खाकी कागद घेतला आणि रोजची एक रेघ काढायला लागली. सकाळ डावीकडे, संध्याकाळ उजवीकडे. तासाभरात जितक्या वेळा खुर्चीतून उठली तितकी बोटं रेघ वर. मास्तरांनी हाक मारली म्हणून उठली, तर तिथे लाल फुली. आठवडा भरल्यावर बाहीची गोलाई काढायच्या लाकडी पट्टीने सगळी टोकं जोडली. शिकलेली माणसं असल्या चित्राला भारदस्त नाव देतात, मग ते समजावायला आणखी एक शिकलेला माणूस लागतो. वहिनीला वाटलं, हे आंधळ्यालाही कळेल.

मास्तरांना दिसावं म्हणून तिने कागद दाराजवळच्या खिळ्यावर टांगला आणि दिवसभरासाठी बहिणीकडे गेली. इथेच चुकलं. त्या घरात तो खिळा कपड्यांच्या नमुन्याच्या कागदांचा. खिळ्यावर आलं की त्याबरहुकूम कापड कापायचं, विचारायचं नाही. मास्तरांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी परत येऊन बघते तर पुतळ्याच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा राखाडी कोट. एक खांदा टेकडीसारखा, पाठीला दोन पोक, डावी बाही जमिनीला टेकलेली. तिच्यावर खडूने एकतीस काजांच्या खुणा.

"नवी तऱ्हा दिसते," मास्तर घाम पुसत म्हणाले. "पण एका बाहीला एकतीस बटणं कोण लावतं गं?"

"अहो, ती बाही नाही. गुरुवार आहे."

"म्हणजे?"

वहिनीने सगळा कोट वाचून दाखवला. हा सोमवार, ही पाठ म्हणजे शनिवार, आणि फुल्या म्हणजे तुमच्या हाका.

मास्तर बाहीवरून बोट फिरवत राहिले. "एकतीस? एवढं काय मागितलं मी?"

"कात्री, खडू, पाणी, पुन्हा तीच कात्री. एकतिसाव्यांदा चष्मा."

"मग तो काय चूक? चष्मा लागतोच."

"डोळ्यांवरच होता."

मास्तरांची चूक कधी होत नसे, त्यामुळे याही वेळी झाली नाही. "कापडच खराब होतं," असं म्हणून त्यांनी पुतळा कोटासकट आतल्या अंधारात नेऊन ठेवला. "असलं ध्यान खिडकीत ठेवलं तर गिऱ्हाईक पळेल. तूच बस इथे."

पुढची अकरा वर्षं वहिनी तिथेच बसली. रेघ काढायची तिने सोडली नाही, फक्त कागद खिळ्यावर टांगला नाही. फुल्या अगदी गेल्या नाहीत. गुरुवारी आठ-नऊ तरी असायच्याच. माणूस किती सुधारणार?

कामाच्या शेवटच्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंच्या कोटाचं खालचं काज पुरं केलं, दोरा दातांनी तोडला आणि कोट पोचवायला निघाली. ती उंबऱ्यात असताना आतून हाक आली, "अगं, माझा चष्मा..." ती थांबली. मास्तरांचा हात नाकापर्यंत गेला. "असू दे, असू दे. जा तू."

दोन गल्ल्या चालून तिने कोट दिला आणि नेहमीसारखं म्हणाली, "बटण ओढून बघा हो. जोरात ओढा."