सुमनताईला बर्फ बघायचा होता

रोह्याच्या बाजारात मी भेंडी निवडत होते, तेवढ्यात जोह्याहून भावजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, फोन आला. "तुझी ताई गेली," एवढंच म्हणाले. आणि मी येडी, विचारलं काय, तर "कुठं?" सहलीला कुठं जायचं याचा घोळ आमच्यात महिनाभर चालला होता. मला वाटलं, मला न सांगता ही परस्पर पेणला बुकिंगवाल्याकडे गेली. पलीकडे भावजींना हुंदका फुटला... मग भेंडी तिथंच टाकून मी स्टेशन गाठलं.

सुमनताईचं सासर म्हणजे गणपतीचा कारखाना. वर्षभर माती, रंग आणि डोळ्यांची आखणी. गणपती गेले की दिवाळीपर्यंत काय ती सवड, आणि त्या सवडीत दरवर्षी ती मनानं अख्खा देश फिरायची. कुठं जायचं हे ठरवायची तिची रीतही तिचीच. जिथं तिचे गणपती गेले, ते गाव तिच्या ओळखीचं. "इंदूरला माझे गणपती बसतात, सुरतला बसतात, हैद्राबादला बसतात. ते जाऊन पोचले, मी मात्र पनवेलच्या पुढं नाय!" असं म्हणून खो खो हसायची. मग एका वर्षी गडब गावचा एक फौजी सुट्टीवरून परत जाताना ट्रंकेत घालून छोटी मूर्ती काश्मीरला घेऊन गेला. झालं! तेव्हापासून राजस्थान नको, केरळ नको, काश्मीरचा बर्फच हवा. केरळचं नाव काढलं की म्हणायची, "खाडी बघायला एवढ्या लांब जायचं? आपल्या खाडीला काय झालंय गो?"

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. तिचं हृदय. कारखान्याच्या माळ्यावर चढली तरी तिला धाप लागायची. पेणच्या डॉक्टरांनी उंचावर जायला साफ मनाई केली होती. भावजी केरळावर अडून बसलेले आणि ही बर्फावर. मी ताईच्या बाजूची. साठीला आलेल्या बाईनं एकदा हट्ट केला, तर तो पुरवावा, असं माझं सरळ म्हणणं होतं आणि आजही आहे.

आमची शेवटची भेट त्याच कारणानं झाली. जिते स्टेशनला उतरून रिक्षानं जोह्याला गेले. कारखाना रिकामा. फळ्यांवर नुसत्या रंगाच्या गोल खुणा. भावजी थकून म्हणाले, "जा बाबा दोघी. पन तिला काय झालं तर मी काय करू, ते पन सांगून जा." ताईनं टाळीच वाजवली. कोपऱ्यात तिची सासू कापसाच्या वाती वळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "बोळवण केलेल्या देवामागं जाऊ नये गो. तो गेला तो गेला." ताई हसली. मीही हसले, पण हसू पुरतं आलं नाही. निघताना अंगणातली संध्याकाळ मला उगीच जड वाटली. कुत्रंही भुंकलं नाही.

ताई गेली ती सपाट जमिनीवर, स्वतःच्या घरात, सकाळचा चहा गाळता गाळता. उंचावर जायची वेळच आली नाही. याचा मला अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. कावळा समोर तिवराच्या फांदीवर बसून होता, पण शिवेना. भावजी हात जोडून म्हणाले, "कारखाना चालू ठेवीन." लेक म्हणाली, "बाबांना सांभाळीन." सून रडली. ऊन तापत चाललं होतं आणि तो कावळा नुसता बघत होता. माझा धीर सुटला. मी ओरडलेच, "ताई, बर्फ बघायला जाऊ आपण! दोघी! ठरलंय ते ठरलंय!"

वाक्य संपायच्या आत तो खाली आला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ताईच्या सासूनं मात्र माझं मनगट धरलं. "दोघी का म्हनलीस गो? एकटी जाऊन येते म्हनायचं..." तिचा हात थंडगार होता.

मी असल्या गोष्टी मानत नाही. निदान मानत नव्हते. आता घरात एकटी असले, यांची रात्रपाळी असली, की मला भीती वाटते, आणि तितकीच ताईची आठवण येते. दोन्ही एकदमच येतात. हे म्हणतात, या वर्षी कुठं जायचं नाही. पण दिलेला शब्द मोडायचा कसा?

परवा शेवटी बुकिंगवाल्याला फोन केला. काश्मीर, म्हटलं. त्यानं विचारलं, "किती जण?" एक म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "दोघी."

"बरं," तो म्हणाला. "दुसऱ्या बाईंचं नाव सांगा."

मी सांगितलं.