वहिनींचा लाकडी बैल

वहिनी कार्टून अर्धवट टाकून गेल्या.

आज वर्ष झालं.

नाचणगावच्या अंगणवाडीत सुनंदावहिनी सेविका होत्या. टीव्हीवरच्या कार्टूनची भाषा पोरांच्या डोक्यावरून जायची, म्हणून मोबाईलवर बोटानं चित्रं काढून स्वतःच कार्टून करायला लागल्या.

आधी पहिलं चित्र, मग शेवटचं. मग मधली ढीगभर, प्रत्येक आधीच्यापेक्षा जराशी सरकलेली. भरभर दाखवली की चित्र चालायला लागतं.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे शहाणपणा शिकवायला गेलो.

"वहिनी, त्या ॲपमंदी बटन हाय. मधले चित्रं आपोआप भरते."

"भरू द्या ना, भाऊजी! पण माह्या चित्रातली पोरगी रस्त्यात थांबते, कुत्र्याले हाकलते. हे त्या बटनाले कोन सांगन?"



शेवटचं कार्टून तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचं होतं. एक पोरगी चाकांचा लाकडी बैल ओढत देवळाशी नेते. पहिल्या चित्रात बैल घरासमोर, शेवटच्या चित्रात देवळापाशी. मधलं काहीच नाही.

तेवढ्यात ताप आला, आणि वहिनी दवाखान्यातून परत आल्याच नाहीत.

तो मोबाईल उघडायची कुणाची हिंमत होईना. माझा मोठा भाऊ तर त्याच्याकडे बघायचाही नाही.

यंदा ठरवलं, पोळ्याच्या आधी पोरांना ते दाखवायचंच. मी जीव ओतून मधली चित्रं काढली. बैलाचे चारही पाय असे काही चालवले की स्वतःवरच खूश!

वहिनींच्या लेकीनं, पिहूनं, बघितलं आणि पोट धरून हसली.

"काका, हा लाकडाचा बैल हाय ना? पाय काऊन हालवून राह्यला तो? त्याले चाकं हायेत!"

आई गेल्यापासून पोरगी अशी हसली नव्हती. मला रडूच आलं.

मग मोबाईल तिनंच घेतला. मी काढलेले पाय खोडले, चाकं फिरवली. आईनं मध्ये काय घडवलं असतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पिहूनं आपलं ठरवलं: चाक निसटतं, पोरगी बैलाला कडेवर घेते आणि चालू लागते.

आज अंगणवाडीत दाखवलं.

"आणखीन एकदा लावा ना!" पोरांचा नुसता गोंधळ. दादा मागे उभा होता. डोळे पुसत होता, पण बघत होता.

घरी येताना पिहू म्हणाली, "काका, आता नवीन करू. पहिलं चित्र मीच काढन."

वहिनी, लेकीची काळजी करू नका. आम्ही आहोत.

तुमची फार आठवण येते. मनापासून श्रद्धांजली.