सुनंदाचा गुडघा

"येक इंजेक्शन मारा डाक्टर, दुखायचं थांबू द्या. रविवारी निवड हाय," मारुतीराव म्हणाले.

निरवांगीचे हे ऊसवाले बागायतदार. त्यांची तेरा वर्षांची सुनंदा खो-खो खेळायची आणि रविवारी जिल्ह्याचा संघ निवडणार होते. महिनाभर तिचा उजवा गुडघा दुखत होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, बारामतीत माझा हाडांचा दवाखाना नवा होता. मारुतीरावांनी टेबलावर गुडघ्याचे तीन एक्स-रे ठेवले, तीन डॉक्टरांचे. तिन्ही नॉर्मल.

सुनंदानं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थांबली. मी गुडघा दाबून पाहिला. सूज नाही, पाणी नाही, दाबलं तरी दुखेना. प्रिस्क्रिप्शन लिहायला पेन उचललं आणि सहज विचारलं, "खुबा कुणी तपासला का?"

"न्हाय. समद्यांनी हितपतूरच बघितलं," मारुतीराव म्हणाले.

बरोबरच आहे. वयात येणारी मुलगी, समोर बाप बसलेला. सलवार जिथं थांबते तिथं तपासणीही थांबते. मैदानावर हीच पोर हाफ पँटवर धावायची. ती पँट तिच्या पिशवीतच होती. सिस्टरनी पडद्याआड नेऊन ती घालायला लावली.

मारुतीराव तापले. "दुखतोय गुडघा, तुमी वर कशाला जाताय?"

"बघू तर द्या."

तिला झोपवून गुडघा पोटाकडे नेला. मांडी सरळ येईना, आपोआप बाहेर वळली. पाय आत फिरवताच ती कळवळली. मी लगेच खुब्याचा एक्स-रे काढला.

वाढत्या वयात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्याच हाडाच्या खालच्या भागाला कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, पातळ थरानं जोडलेला असतो. कधीकधी तो घसरतो. बिघाड खुब्यात असतो आणि कळ गुडघ्यात येते. सुनंदाचा गोळा थोडाच घसरला होता.

"आजच पुण्याला न्या. पाय अजिबात टेकवायचा नाही. आणखी घसरला तर जन्माची लंगडेल."

"आन् रविवार?" सुनंदानं विचारलं.

"रविवार विसर."

ती रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण मी शब्द फिरवला नाही.

पुण्यात ऑपरेशन करून स्क्रू बसवला. त्या वर्षी संघ तिच्याशिवाय गेला. दोन वर्षांनी ती संघात आली, न लंगडता.

पेशंट बोट ठेवतो तिथं दुखतं, हे खरं. पण बिघाड तिथंच असतो असं नाही. तीन डॉक्टर फसले, चौथा मीच होणार होतो. त्या दिवशी इंजेक्शन दिलं असतं तर कळ थांबली असती, रविवारी पोर धावली असती आणि मारुतीरावांनी गावभर माझं कौतुक केलं असतं.