आगीतला पाटा

आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात हातगाडीवर पाटे विकणारा तो माणूस खिशात लिंबू बाळगतो.

"पहाड दोन जातीचे, दीदी. ज्वालामुखीच्या आगीतून निघालेले, अन् पाण्याखाली साचलेले. पाण्यातला दगड लिंबानं फसफसते, चटणीत कचकच देते. माहा आगीतला हाय."

मग खिळ्यानं ओरखडा काढून तो लिंबू पिळतो. दगड गप्प राहतो, बायका ढिगातले पाटे उचलतात. पण लिंबू दर खेपेस त्याच कोपरा तुटलेल्या पाट्यावर पडतं, हे मी पाहून ठेवलं होतं.

काल मी घरचं लिंबू घेऊन गेले आणि ढिगातल्या एका पाट्यावर धरलं. त्यानं घाईनं तुटक्या कोपऱ्याचा पाटा माझ्यापुढे सरकवला.

"त्याच्यावर नका पिळू, दीदी," तो हळूच म्हणाला. "तो विकायचा हाय."