पवित्र दिवसाचा मासा

वहिनीचं आणि माझं कधीच पटलं नाही. दादा बोटीवर खलाशी म्हणून राबला तेव्हा मी शिकून मास्तर झालो, हे ती मला आमटीच्या आधी वाढायची. मीही तिला अडाणी म्हणायची संधी सोडत नसे.

एका वर्षी सात महिने दादाचं पत्र नव्हतं. वहिनीने सोळा सोमवार धरले. त्या दिवशी चुलीवर मासळी चढायची नाही. व्रत तिचं, डाळभात मलाही. चौदाव्या सोमवारी माझा धीर सुटला, कारण त्याच आठवड्यात शाळेतल्या जाड कोशात मला 'हॅलिबट' हा शब्द सापडला होता. एका चपट्या माशाचं नाव. जुन्या इंग्रजीतले दोन शब्द जोडलेले: 'हॅली' म्हणजे पवित्र, 'बट' म्हणजे चपटा मासा. साहेबाच्या मुलखात सणावारी मांस वर्ज्य, तेव्हा हा चाले म्हणे.

आपल्याकडचा लेप मासाही चपटाच. मला एवढा आधार पुरला. वहिनी देवळात गेलेली पाहून मी बाजारातून चार लेप आणले आणि तिच्याच चुलीवर तळले. दोन करपले. ती आल्यावर, तोंडात घास असतानाच, मी ती सगळी व्युत्पत्ती वर्गात सांगतो तशी सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली. आई भिंतीकडे तोंड करून बसली.

"भावोजीनू, तो सायबाचो देव," वहिनी म्हणाली. "माझ्या देवाक माझो घोव परत हाडूचो आसा. माझे चौदा सोमवार तुमी तळून खाल्लात. आता पयल्यापासून."

तिने चूल शेणाने सारवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

नव्या मोजणीतल्या नवव्या सोमवारी पोस्टमन आला. वहिनीला अक्षरओळख नव्हती. दादाचं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचो. सवयीने मी हात पुढे केला. तिने पत्र घेतलं, पदराखाली धरलं आणि माझ्यासमोरून पडवी उतरून चार घरं पलीकडच्या तंबाखूवाल्याकडे गेली. तो एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचणारा. मी पडवीत बसून राहिलो, इंग्रजीचा मास्तर. अर्ध्या तासाने ती परतली आणि आत जाऊन आईला हळू आवाजात सगळं सांगितलं. मला एक शब्द नाही.

संध्याकाळी तंबाखूवाल्याकडूनच मला कळलं की दादा आजारातून उठलाय, शिमग्याला येतोय. पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं होतं, हे धाकट्याकडूनच वाचून घे, तो समजावून सांगतो.