उजवी पाकळी

एमएच्या आमच्या वर्गात चार विद्यार्थी होते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकायला डिचोली तालुक्यातून दोन बस बदलून येणारा मी एकटाच. शाळा मराठीतून झालेली, पुस्तकं सगळी इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक पान सोडवायचो. एक तत्त्वज्ञ जरा कळतोय असं वाटेपर्यंत पुढचा यायचा आणि आधीच्याला खोटा पाडून जायचा. वडील शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचे. एकदा जेवताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मगे शेवटाक खरो कोण निघालो?" याचं उत्तर आमच्या सरांनाही देता आलं नसतं.

तरी मला तो विषय सोडायचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी विचार करायला सांगितलं होतं.

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा खाणीवरच्या साहेबांनी वडिलांना निरोप दिला, काट्यावर कारकुनाची जागा आहे, मुलाला पाठवा. काटा म्हणजे खनिजाचे ट्रक तोलतात ती जागा. साहेबांना नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. मी दोन दिवस पुस्तकांतून डोकं वर काढलं नाही. शेवटी वडीलच म्हणाले, देवाचा प्रसाद घेऊया. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात. भट मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आधी जी पडेल ते देवाचं उत्तर. ठरलं असं, की उजवी पडली तर काटा, डावी पडली तर विद्यापीठ.

देवळात पोचलो आणि वडील विहिरीवर पाय धुवायला गेले. भटजी मला लहानपणापासून ओळखणारे. पाकळ्या भिजवता भिजवता ते हळूच म्हणाले, "उजवी मातशी घट्ट लायतां, आं?"

उजवी घट्ट, म्हणजे डावी आधी पडणार. म्हणजे माझं विद्यापीठ.

नेमका त्याच आठवड्यात सरांनी तो जर्मन तत्त्वज्ञ शिकवला होता, ज्याच्या मते दारात खुनी उभा असला तरी खोटं बोलू नये. वर्षभरात मला पुरता कळलेला तो एवढा एकच. मी ताठ होऊन म्हणालो, "नको भटजी. दोनूय सारख्योच लावा." ते माझ्याकडे बघतच राहिले. "खरेंच?" मी मान हलवली. त्या क्षणी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता, हे लिहितानाही लाज वाटते.

मग वडील आले, गाऱ्हाणं झालं आणि आम्ही हात जोडून उभे राहिलो. माझा या प्रकारावर विश्वास नव्हता. तरी मी मनात डावी, डावी एवढंच म्हणत होतो. शिकलेलं काहीही त्या वेळी उपयोगी पडलं नाही.

उजवी पडली. भटजींनी ती माझ्या ओंजळीत ठेवली, पण बघितलं वडिलांकडे.

परतताना वडिलांनी वाटेत स्कूटर थांबवली आणि मागे न वळता विचारलं, "भटान तुका कायच विचारूंक ना?" मी घडलं ते सांगितलं. मान वर करूनच सांगितलं. त्यांनी स्कूटर बंद केली.

"उजवी घट्ट लाय म्हणून मियांच सांगिल्लें ताका," ते म्हणाले. "सायबाक मियां ना म्हणूंक शकना. देवान ना म्हटलां, अशें सांगपाक येतलें आसलें."

"परत जावंया," मी म्हटलं. "परत विचारूंया."

"देवाक दोनदां विचारनत." त्यांनी स्कूटर सुरू केली. पाकळी घट्ट लावायला सांगणाऱ्या माणसाचा देवावर इतका विश्वास असतो, हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. मी मागे बसून रडलो.

सोमवारी मी काट्यावर रुजू झालो. पहिला ट्रक आला तो वडिलांचाच. ते समोर बघत राहिले आणि मी वजन लिहून घेतलं.